ग्रेसलँड

अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन (जन्म १३ ऑक्टोबर १९४१) याची ऑगस्ट १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रिका. शीर्षक मात्र एल्व्हिस प्रेस्लीच्या मेम्फिस येथील निवासस्थानाचे आहे. *हार्ट्स अँड बोन्स* (१९८३) या त्याच्या आधीच्या ध्वनिमुद्रिकेस अपयश आले होते. १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांमधील संगीताची एक कॅसेट त्याच्या ऐकण्यात आली आणि त्या संगीताच्या शोधात तो फेब्रुवारी १९८५ मध्ये जोहॅनिसबर्गला गेला.

तेथे त्याने गीतरचनेचा नेहमीचा क्रम उलटा केला. स्थानिक वादकांचे ठेके व स्वरावली प्रथम ध्वनिमुद्रित करून त्यांवर त्याने मागाहून शब्द बसविले. रे फिरीचे गिटारवादन, बकीथी कुमालोचे पडदे नसलेल्या बेस गिटारचे वादन आणि जोझेफ शबालालाच्या ‘लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो’ या झुलू वृंदाचे वाद्यसाथीविना होणारे गायन यांतून या गीतांचा पोत सिद्ध झाला. वादकांना न्यूयॉर्कमधील दराच्या तिप्पट मोबदला मिळाला आणि काही गीतांच्या रचनेचे सहश्रेयही देण्यात आले. ‘लॉस लोबोस’ या अमेरिकन वाद्यवृंदाने मात्र असे श्रेय आपणास नाकारल्याची तक्रार केली.

मोठा वाद राजकीय होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९८० मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार घालण्याचे आवाहन केले होते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी आधी बोलावे, हा गायक हॅरी बेलाफाँटेचा सल्ला सायमनने मानला नाही. आपण तेथे जाहीर कार्यक्रम केलेला नाही आणि कृष्णवर्णीय वादकांचीच आपल्या येण्यास संमती होती, असे त्याचे समर्थन होते. ते पोकळ म्हणता येणार नाही. तथापि बहिष्काराला अपवाद कोणी ठरवावयाचा, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. गीतांत वर्णभेदाचा थेट उल्लेख नाही, हेही टीकाकारांना खटकले. १९८७ च्या दौऱ्यात ह्यू मासेकेला व मिरियम मकेबा हे मायदेशास मुकलेले कलावंत त्याच्यासमवेत होते. तरीही लंडनच्या रॉयल अ‍ॅल्बर्ट हॉलबाहेर निदर्शने झाली. जेरी डॅमर्स, बिली ब्रॅग प्रभृती ब्रिटिश संगीतकारांनी त्याच्याकडे जाहीर क्षमायाचनेची मागणी केली.

श्रोत्यांनी या ध्वनिमुद्रिकेचे भरघोस स्वागत केले. ब्रिटनमधील खपाच्या यादीत ती अग्रस्थानी पोहोचली आणि १९८७ मध्ये तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. सायमनने निर्मिलेल्या *शाका झुलू* (१९८७) या ध्वनिमुद्रिकेबद्दल शबालालाच्या वृंदासही पुढील वर्षी ग्रॅमी मिळाले. डिसेंबर १९९१ मध्ये सांस्कृतिक बहिष्कार उठल्यावर सायमनने जानेवारी १९९२ मध्ये जोहॅनिसबर्ग येथे कार्यक्रम केले. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा त्यांना पाठिंबा होता. काही जहाल कृष्णवर्णीय संघटनांचा विरोध तेव्हाही मावळलेला नव्हता.