पेटीवरचा आकडा

बंदरात उतरलेल्या अवजड पेटीवर तिचे वजन ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ही व्यापाऱ्याच्या हिशेबाची खूण असावी, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ती मजुराच्या प्राणरक्षणासाठी झालेल्या कायद्याची खूण आहे.

बंद लाकडी पेटीत कापड आहे की लोखंडी यंत्र, हे बाहेरून कळत नाही. पूर्वी भाराचा केवळ अंदाज करूनच यारीची साखळी तिला लावावी लागे. अंदाज चुकला आणि साखळी तुटली, तर खाली उभ्या असलेल्या हमालाच्या जिवावर बेते.

१९२९ साली जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने यावर एक साधा करार संमत केला. जहाजाने जाणारा नग १,००० किलोग्रॅम वा त्याहून अधिक वजनाचा असेल, तर चढविण्यापूर्वी त्यावर एकूण वजन स्पष्ट व टिकाऊ रीतीने लिहावे, एवढेच त्याचे सार. हिंदुस्थानने १९३१ साली त्यास मान्यता दिली; परंतु अवजड नगांवर वजन लिहिण्याचा आपला कायदा होण्यास १९५१ साल उजाडले.

पुढे यारीच्या जोडीस फोर्कलिफ्ट आली. तिचे तत्त्व तरफेचे आहे. पुढची चाके हा टेकू; समोरच्या काट्यांवर माल आणि मागे तोलासाठी बसविलेले लोखंडी वजन. माल मर्यादेहून जड झाला, तर मागची चाके उचलली जातात. तो उंच धरून वेगाने वळले, तर गाडी कुशीवर कलंडते. अशा वेळी बाहेर उडी टाकणारा चालक तिच्याखाली चिरडला जाण्याचा धोका मोठा. पट्टा बांधून आसनावर बसून राहण्यातच त्याचे हित असते. म्हणूनच गाडीवरही तिची मर्यादा सांगणारी पट्टी जडविलेली असते.

मग पेट्या कंटेनरच्या आत गेल्या आणि आतील भार पुन्हा दिसेनासा झाला. भरलेल्या कंटेनरचे वजन पडताळल्यावाचून तो जहाजावर चढवू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २०१६ पासून लागू झाला. १९२९ सालचा प्रश्न ८७ वर्षांनी पुन्हा सोडवावा लागला!

पेटीवरचा आकडा आणि यंत्रावरचा आकडा ताडून पाहण्यास क्षणच लागतो. मात्र तो खरा लिहिलेला असावा आणि ज्याच्यासाठी लिहिला, त्यास तो वाचता यावा. कारण आकडा लिहिणारा दूरच्या कचेरीत असतो. मजूर त्या पेटीखाली असतो.