शब्दवेध : जोप्पो

बडनेऱ्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने नांदुऱ्याला उतरलं की जळगाव जामोद जवळच. सातपुड्याच्या त्या पायथ्याला निहाली बोलतात. तिथे पाण्याला ‘जोप्पो’ म्हणतात.

आपलं ‘पाणी’ संस्कृत ‘पानीय’मधून आलं. मेळघाटातल्या कोरकूंचा ‘डा’ मुंडा कुळातला, संथालीतल्या ‘दाक्’चा भाऊ. ‘जोप्पो’ला असं गणगोत सापडत नाही. विस्तवाला ‘आपो’, मी म्हणजे ‘जो’. हेही तसेच एकटे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात निहाली कोरकूसोबत, मुंडा कुळात बसवली गेली. पुढे डच अभ्यासक कायपर यांनी 1962मध्ये तिचे शब्द बारकाईने पारखले. कोरकूची उसनवारी भरपूर निघाली. ‘नालो’ म्हणजे चार, हा द्राविडी. कन्नडात ‘नाल्कु’ आहेच. तरी सुमारे चौथा हिस्सा शब्दांना कुठेच नातं लागेना. मला तर हा वऱ्हाडातला सर्वांत मोलाचा ठेवा वाटतो.

बोलणारे उरले दोन-अडीच हजार, आणि त्यांतल्या बहुतेकांना कोरकूही येते. जनगणनेच्या भाषा-यादीत दहा हजारांखालच्या भाषांना स्वतंत्र ओळ मिळत नाही. म्हणून तिथे निहालीचं नावच नाही. हे मला फार खुपतं.