पाणी पिणारा साचा

गणपतीच्या दिवसांत आपण प्लास्टर ऑफ पॅरिसला पुष्कळ नावे ठेवतो. पण शाडूची मूर्ती ज्या साच्यात दाबून काढतात, तो साचा बहुधा प्लास्टरचाच असतो! किटल्या, फुलदाण्या, न्हाणीघरातले बेसिन, साऱ्यांची जन्मकथा इथेच सुरू होते.

जिप्सम सुमारे १५० अंशांवर भाजले की त्यातले तीन चतुर्थांश पाणी उडते. ही भुकटी पाण्यात कालवली की घट्ट होते, आणि जास्तीचे पाणी वाळल्यावर आत असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. अशा साच्यात रबडीसारखी पातळ माती ओतली की साचा तिच्यातले पाणी पितो आणि कडेला मातीची भिंत धरते. उरलेली रबडी ओतून द्यायची. वाळताना माती आक्रसते आणि भांडे आपसूक सुटते.

इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात पूर्वी धातूचे, दगडाचे किंवा भाजक्या मातीचे साचे असत. १७४५च्या सुमारास कोब्रिजच्या राल्फ डॅनियलने फ्रान्समधून प्लास्टरची युक्ती आणली, असे सिमियन शॉ यांनी १८२९च्या आपल्या इतिहासात लिहिले आहे. मग एरन वुडसारख्या कारागिराने एक मूळ नमुना कोरायचा आणि त्यावरून हवे तितके साचे पाडायचे, असे सुरू झाले. घराच्या, उंटाच्या आकाराच्या किटल्या निघू लागल्या! रबडीत पाणी मात्र फार लागे. चिमूटभर सोडा किंवा सोडियम सिलिकेट घातले की थोड्या पाण्यातही माती वाहते, ही किमया कारखान्यांत रुळली ती थेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

साचा पाणी पितो, म्हणजे तो वाळवावाही लागतो. मला या इतिहासात खरे अस्वस्थ करते ते हेच. बशा रबडीने नव्हे, साच्यावर माती थापून होत. पण साचा तोच, प्लास्टरचा. प्रत्येक ओला साचा बशीसकट तापलेल्या खोलीत धावत न्यायचा आणि रिकामा परत आणायचा, हे काम लहान मुलांचे. चार्ल्स शॉ हा मुलगा साताव्या वर्षी या कामाला लागला. पहाटेपासून रात्रीपर्यंत, आठवड्याला एक शिलिंग. १८४१मध्ये सरकारी चौकशी झाली, मुलांच्या जबान्या छापल्या गेल्या. तरीही कारखाना कायदा या धंद्याला लागू व्हायला १८६४ उजाडले.

शॉने आपल्या आठवणी लिहिल्या. पुस्तक १९०३मध्ये निघाले तेव्हा तो सत्तरीत होता. लेखक म्हणून त्यावर नाव नव्हते. होते फक्त 'एक जुना कुंभार'.