काफे दे ओया : मेक्सिकोची गूळ-दालचिनीची कॉफी घरी कशी करावी?

मातीच्या भांड्यात पाणी, दालचिनी आणि गूळ उकळून त्यात भरड कॉफी मुरवली की तयार होते 'काफे दे ओया'. स्पॅनिश भाषेत 'ओया' म्हणजे मडके. म्हणजे नावाचा सरळ अर्थ 'मडक्यातली कॉफी'. मेक्सिकोच्या खेड्यापाड्यांत, बाजारांत आणि थंडीच्या दिवसांत घरोघरी ती बिनदुधाची पितात. सोशल मीडियावर तिचे व्हिडिओ दिसतात तेव्हा ती महागड्या कॅफेतली गोष्ट वाटते. प्रत्यक्षात कॉफी सोडली, तर तिचे सगळे साहित्य सोयगावसारख्या तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानात आणि कुंभाराकडे मिळू शकते.

मेक्सिकोची कॉफी, पण साहित्य कुठले?

या पेयातले मुख्य पदार्थ मेक्सिकोचे नाहीत. ऊस आशियातून युरोपमार्गे गेला आणि स्पॅनिश लोकांनी १६व्या शतकात तो मेक्सिकोत लावला. दालचिनी मूळची श्रीलंका आणि दक्षिण भारताची. कॉफी आफ्रिकेतली, मेक्सिकोत ती १८व्या शतकाच्या अखेरीस पोहोचली. आज तिथे चियापास, वेराक्रूझ आणि ओआहाका या राज्यांत तिचे मळे आहेत.

उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. सोयगाव परिसरातल्या शेतांत दिसणारा मका आणि मिरची ही पिके मूळची मेक्सिको व त्याच्या आसपासची. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती भारतात आली आणि इथलीच होऊन गेली.

१९१० साली सुरू झालेल्या मेक्सिकन क्रांतीत सैन्याबरोबर फिरणाऱ्या स्त्रिया थकलेल्या सैनिकांना मोठ्या मडक्यांत ही कॉफी करून देत, अशी गोष्ट तिथे सांगितली जाते.

साहित्य (४ ते ५ कप)

- पाणी : १ लिटर
- गूळ : ८० ते १०० ग्रॅम, बारीक चिरलेला
- दालचिनी : साधारण ३ इंचांची १ काडी
- भरड दळलेली कॉफी : ६ मोठे चमचे (सुमारे ३५ ग्रॅम)
- लवंगा : २ (ऐच्छिक)
- संत्र्याच्या सालीचा छोटा तुकडा (ऐच्छिक)

गूळ कोणता? मेक्सिकोत 'पिलोन्सियो' वापरतात. उसाचा रस आटवून तो शंकूच्या साच्यात ओततात. आपल्याकडची ढेप आणि पिलोन्सियो ही एकाच प्रकारची वस्तू. फिकट पिवळ्यापेक्षा गडद तपकिरी गूळ घेतला, तर चव मूळ कॉफीच्या अधिक जवळ जाते.

दालचिनी कोणती? बाजारात दोन प्रकार दिसतात. जाड, कडक, एकाच पापुद्र्याची, तिखट वासाची असते ती 'कॅसिया'. कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेली, हाताने सहज मोडणारी आणि गोडसर वासाची ती खरी दालचिनी. मेक्सिकोत हीच वापरतात. कोकणात तिची लागवड होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही जातही विकसित केली आहे. कॅसियाच असेल तर अर्धी काडी पुरते. कॅसियात कुमारिन हे द्रव्य जास्त असते आणि रोज भरपूर पोटात गेल्यास ते यकृताला बाधू शकते.

कॉफी कोणती? रव्याइतकी भरड हवी. बिया घरी दळायच्या असल्यास मिक्सर थांबत थांबत फिरवावा. अनेक फिल्टर कॉफी पाकिटांत चिकोरी मिसळलेली असते. तिने रंग गडद होतो, पण दालचिनीचा वास दबतो. पाकिटावरचे प्रमाण वाचून शक्यतो बिनचिकोरीची घ्यावी. महाराष्ट्रात कॉफीची लागवड अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला आढळते.

कृती

१. मडक्यात पाणी, दालचिनी आणि लवंगा घालून मंद आचेवर ठेवावे. उकळी आल्यावर ८ ते १० मिनिटे उकळू द्यावे. पाण्याला तांबूस रंग यायला हवा.

२. गूळ घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. संत्र्याची साल याच वेळी टाकावी.

३. पुन्हा उकळी आली की कॉफी घालून एकदा ढवळावे आणि लगेच आच बंद करावी.

४. झाकण ठेवून ५ मिनिटे मुरू द्यावे. चोथा तळाशी बसतो. वर तरंगत राहिला तर चमचाभर गार पाणी शिंपडावे.

५. बारीक गाळणीतून किंवा मलमलच्या फडक्यातून गाळून गरमच द्यावी.

सगळी खुबी तिसऱ्या पायरीत आहे. दालचिनीचा अर्क उतरायला वेळ लागतो, कॉफीचा लगेच उतरतो. चहासारखी कॉफीही उकळत ठेवली, तर ती कडवट होते आणि मग गूळ वाढवूनही चव सुधारत नाही.

मडके घेताना सावधान

मडके बिनलेपाचे, साध्या भाजलेल्या मातीचे आणि स्वयंपाकासाठीच बनवलेले असावे. आतून काचेसारखा चकाकणारा लेप किंवा रंगकाम असलेले शोभेचे भांडे वापरू नये. अशा काही लेपांत शिसे असते. कॉफी आणि संत्र्याची साल दोन्ही आम्लधर्मी असल्याने ते पेयात उतरू शकते. खुद्द मेक्सिकोत शिसेयुक्त लेपाची पारंपरिक भांडी हे रक्तात शिसे वाढण्याचे एक मोठे कारण ठरले आहे. शिशाचा सर्वांत जास्त धोका लहान मुलांच्या मेंदूला असतो.

नवे मडके रात्रभर पाण्यात भिजवावे, आच हळूहळू वाढवावी आणि तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये, नाहीतर तडा जातो. माती साबण शोषून घेते, म्हणून गरम पाण्याने घासून धुवावे. इंडक्शनवर मडके चालत नाही. खात्रीचे मडके नसेल तर सरळ स्टीलचे पातेले घ्यावे. मातीचा वास तेवढा येणार नाही, बाकी चव तीच.

नेहमी पडणारे प्रश्न

दूध घालता येते का? मूळ कॉफी बिनदुधाची असते. गुळाच्या चहात दूध फाटते तोच धोका इथेही आहे. दूध हवेच असेल तर ते वेगळे गरम करून, गाळलेल्या कॉफीत शेवटी घालावे आणि पुन्हा उकळू नये.

इन्स्टंट कॉफी चालेल का? चालेल. गूळ-दालचिनीचे पाणी गाळून कपात घ्यावे आणि त्यात चमचाभर कॉफी ढवळावी. चव थोडी पातळ लागते.

गूळ आहे म्हणजे मधुमेहींना चालते का? नाही. गुळानेही रक्तातली साखर वाढते. वरच्या प्रमाणात एका कपात १६ ते २५ ग्रॅम गूळ जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, प्रौढांनी वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवल्यास अधिक फायद्याचे. म्हणून रोज प्यायची असेल तर गूळ निम्मा करावा. दालचिनीच्या गोडसर वासामुळे तो कमी असल्याचे फारसे जाणवत नाही.