बहुकार्यप्रवृत्ती व प्रकल्प व्यवस्थापन

बहुकार्यप्रवृत्ती : हाती घेतलेले काम पुरे होण्यापूर्वीच ते बाजूस ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या कामाकडे वळण्याची व अशा रीतीने अनेक कामे एकाच काळात चालू ठेवण्याची रीत. ‘मल्टिटास्किंग’ ही तिची संज्ञा १९६० नंतरच्या दशकात संगणकाच्या संदर्भात रूढ झाली व पुढे ती माणसांच्या कामालाही लावण्यात आली. ही रीत वैयक्तिक सवयीपेक्षा कार्यस्थळी मान्य असलेल्या मूल्यांतून अधिक उद्भवते.

या मूल्यांचे मूळ कारखान्यात आढळते. फ्रेडरिक टेलर (१८५६–१९१५) या अमेरिकन अभियंत्याने १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. त्याचा सहकारी हेन्‍री गँट (१८६१–१९१९) याच्या तक्त्यांत यंत्रे व कामगार किती काळ रिकामे राहिले, याची नोंद होई. एकाच प्रकारचे उत्पादन सतत काढणाऱ्या कारखान्यात रिकामा वेळ म्हणजे तोटा, या समजुतीला आधार होता. संशोधन, अभिकल्प व बांधकाम यांच्या प्रकल्पांनाही तीच कसोटी लावण्यात आली. परिणामी सतत व्यग्र दिसणारा कर्मचारी कार्यक्षम, तर नवे काम नाकारणारा अनुत्साही ठरू लागला. प्रत्येक विभागप्रमुख आपले काम त्वरित सुरू व्हावे असा आग्रह धरी. ते केव्हा संपेल, हा प्रश्न मागे पडे.

क्रांतिक मार्ग पद्धती (१९५७) व अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी तयार झालेली पर्ट पद्धती (१९५८) यांनी कामांचा क्रम व कालावधी यांचे गणित बसविले. तथापि एकच अभियंता अनेक कामांत विभागलेला असतो, ही गोष्ट त्यांच्या मूळ मांडणीत विचारात घेतलेली नव्हती.

प्रत्येकी दहा दिवसांची तीन कामे एकापाठोपाठ केल्यास ती दहाव्या, विसाव्या व तिसाव्या दिवशी पुरी होतात. पाच-पाच दिवसांनी आळीपाळीने केल्यास ती विसाव्या, पंचविसाव्या व तिसाव्या दिवशी संपतात. म्हणजे एकही काम लवकर होत नाही व दोन कामे लांबतात. काम बदलताना वाया जाणारा वेळ यात धरलेला नाही. तो वेळ आर्थर जेरसिल्ड या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्येच प्रयोगांनी दाखविला होता. जॉन लिटल याने १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या सूत्रानुसारही, कामे पुरी होण्याचा वेग तोच राहून हातातील कामांची संख्या वाढली, तर प्रत्येक कामाचा सरासरी कालावधी वाढतो.

एलियाहू गोल्डरॅट (१९४७–२०११) या इझ्राएली भौतिकीविज्ञाने क्रिटिकल चेन (१९९७) या ग्रंथात या प्रवृत्तीवर थेट टीका केली व माणसांची उपलब्धता लक्षात घेऊनच प्रकल्पाचा आराखडा करावा, असे प्रतिपादिले. एखादे काम बाह्य कारणाने अडले असता दुसरे हाती घेणे हितावह असते, हे खरे. परंतु सर्वांना सदैव गुंतवून ठेवण्याच्या धोरणातून होणाऱ्या विलंबाचा दोष बहुधा कर्मचाऱ्यावर येतो. म्हणून नवे काम केव्हा सुरू करावयाचे, हे ठरविण्याची जबाबदारी व्यवस्थापनाने स्वतःकडे घेणे आवश्यक ठरते.