भरतीची कला

मांडवीच्या मुखाशी, आग्वादपाशी, भरती लागली म्हणून म्हापशाच्या खाडीत त्याच क्षणी पाणी चढत नाही. पाण्यास वाट चालावी लागते. खाजनातील शेतकऱ्यांनी हा उशीर पिढ्यान्‌पिढ्या ओळखला. बांधास भगदाड पडले तर ते बुजविण्यास ओहोटीचे मोजके तासच हाती असतात. ते हुकले की खारे पाणी भातात शिरते. म्हणून भरतीची उंची कळून भागत नाही, वेळही कळावी लागते. या वेळेचा गणिती हिशेब म्हणजे ‘कला’.

पाण्याचा चढउतार वेळेप्रमाणे कागदावर मांडला की वळणदार रेषा उमटते. तिचे मूळ रूप ज्यावक्राचे. ‘ज्या’ हा शब्द आपल्याच घरचा. आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास तिचे कोष्टक दिले; भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) तिचा विचार पुढे नेला. अरबांच्या हाती ‘जीबा’, मग ‘जैब’ आणि लॅटिनमध्ये ‘सायनस’ होऊन तोच शब्द ‘साइन’ या नावाने शाळेत परतला. ज्या आणि कोटिज्या यांच्या रेषाही आकाराने निराळ्या नव्हेत. एकच रेषा ९० अंश, म्हणजे पाव फेरा, सरकलेली आहे.

चंद्राच्या मुख्य भरतीचा फेरा सुमारे १२ तास २५ मिनिटांचा. हा फेरा ३६० अंशांचा मानला, तर एक तास सुमारे २९ अंशांचा होतो. एखाद्या ठिकाणी पाणी तासभर उशिरा चढत असेल, तर मुखाशी असलेल्या कोनातून २९ अंश वजा करावे. येथे विद्यार्थी अडखळतो : वजाबाकी केली, मग आलेख उजवीकडे का सरकला? कारण साधे आहे. मुखाशी तासापूर्वी जे घडले, तेच येथे आता घडते. आणि कागदावर उशीर उजवीकडेच असतो.

हा हिशेब पुढे यंत्राकडे गेला. विल्यम थॉमसन यांनी १८७२मध्ये भरतीचे भाकीत करणारे यंत्र योजिले. १८७९मध्ये हिंदुस्थानच्या बंदरांसाठी तसेच एक यंत्र लंडनमध्ये तयार झाले. त्यातील प्रत्येक कप्पी म्हणजे एक लाट. तिच्या दांड्याची लांबी लाटेची उंची ठरवी, तर आरंभीचा कोन कला ठरवी. सूर्याच्या लाटेचा फेरा १२ तासांचा. चंद्रसूर्यांच्या कला जुळल्या की उधाण, विरुद्ध झाल्या की भांग. कला चुकीची लावली, तर उंची अचूक असूनही भाकीत खोटे ठरे.

दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९३मध्ये मांडवीतील भरती ठिकठिकाणी मोजविली. मुखापासून चाळीसएक किलोमीटरपर्यंत लाटेची उंची जवळजवळ तीच आढळली. वेळ मात्र वरवर जाताना पुढे सरकत गेली. खाजनाच्या बांधावर जे ज्ञान अनुभवाने आले होते, तेच आलेखावर अंशांत उतरले.