गृहस्थ, बिजवर आणि घोडनवरा

परतूरच्या बाजूची कुठलीही लग्नपत्रिका उघडा. नवरदेवाच्या नावाआधी 'चि.', नवरीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.'. अक्षता पडल्या की ती 'सौ.', नवरा गेला की 'गं. भा.'. पुरुष मात्र लग्नाआधी 'श्री.', लग्नानंतर 'श्री.' आणि बायको वारल्यावरही 'श्री.'च.

हंगेरियन भाषेत पुरुषाला असं निसटता येत नाही. तिथे लग्न झालेला तो 'न्योश', म्हणजे शब्दशः 'बाई असलेला'. न झालेला तो 'न्योत्लेन', 'बाईविना'. दोघांनाही चालणारा 'हाझश' हा शब्द 'हाझ' म्हणजे घर, त्यावरून आला. आपला 'गृहस्थ' त्याचाच भाऊ शोभेल: ब्रह्मचर्य संपवून संसाराला लागलेला. पण आज 'एक गृहस्थ भेटायला आलेत' म्हटलं तर त्यांचं लग्न झालंय का, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. शब्दातलं लग्न झिजून गेलं.

पुरुषाचा एक शब्द मात्र बोलका राहिला: 'बिजवर', दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणारा. 'विधुर' होता, पण पुस्तकी. त्या अवस्थेत फार काळ राहायची वेळच सहसा येत नसे. १८७३ मध्ये न्या. रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या ३१ वर्षांच्या या बिजवराकडून सुधारकांची अपेक्षा उघड होती. रानडे वडिलांच्या आग्रहापुढे नमले आणि त्याच वर्षी ११ वर्षांच्या रमाबाई त्यांच्या घरी आल्या.

धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये विधुर झाले. १८९३ मध्ये त्यांनी शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी, एका बालविधवेशी, लग्न केलं. मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. नवरा बिजवर आहे, याला कुणाची हरकत नव्हती. ज्या जातींत विधवेला पुन्हा संसार मांडता येई, तिथेही पुरुषाचं दुसरं लग्न 'लग्न'च असे आणि तिचं 'पाट' किंवा 'मोहतूर'. हा भेद मला त्या बहिष्काराहून जास्त बोचतो. बहिष्कार पुढे विरतो, शब्द राहतो.

आता पहिल्याच लग्नाला मुलगी मिळेना. वय उलटत चाललेल्याला गाव 'घोडनवरा' म्हणून मोकळं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशा तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यांवर बसून थेट जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. बायको मिळवून द्या, असं म्हणत होतेच. सोबत गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा कडक राबवा, हीही मागणी होती.